बोटात रुतलेली अंगठी

मी सोन्याची एक जुनी, साधी अंगठी आहे, मित्रांनो. खडा नाही, नक्षी नाही. ज्या बाईसाठी सोनाराने मला घडवले, तिने मला लेकीच्या लग्नात लेकीच्या बोटात घातले.

लेक कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर बसवायची. मशीनखाली कापड सरकवताना मी तिच्या बोटावर सैलसर फिरत असे.

पुढे तिला दिवस गेले. संध्याकाळी तिचे पाय सुजत, मीही थोडी घट्ट होई. पण सकाळी सूज उतरे आणि मी पुन्हा मोकळी. सासूबाई मायेने तिच्या पायांखाली उशी ठेवत. "अगं, माझ्या वेळी मला चपलासुद्धा होईनात. होतं असं."

ते खरेच होते. पण आठव्या महिन्यात एका सकाळी मी सैल झालेच नाही. बोट माझ्या दोन्ही बाजूंनी फुगले आणि मी मांसात रुतून बसले. तिने साबण लावला, तेल लावले, ओढून पाहिले. मी जागची हलेना. तिचे डोकेही ठणकत होते.

"उन्हाचं असेल," नवरा म्हणाला. "दवाखान्यात जायचं का?"

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच की."

काहीतरी बिघडले आहे, हे मला कळत होते. पण ओरडू कशी? मी तिला आवळत होते आणि ती मला. दोघी अडकलो होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिला सुईत दोरा ओवता येईना. शेजारी काजे करणाऱ्या मावशींना ती म्हणाली, "डोळ्यांपुढे ठिणग्या उडतायत हो."

मावशींनी मान वर केली. "तोंड कधी सुजलं तुझं?"

"कालपासून. सूज येतेच ना?"

"पायांवर येते. तोंडावर, हातांवर अशी एकाएकी नाही. आणि त्यात डोकं दुखतंय? ऊठ!"

"एवढी कॉलर संपवते..."

"कॉलर गेली खड्ड्यात!"

इस्पितळात रक्तदाब मोजताच नर्स धावत गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तदाब फार वाढलाय, बाळंतपण आजच करावं लागेल. आज आलात ते बरं झालं. झटके आले असते, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतलं असतं."

माझ्याखालचे बोट निळे पडले होते. नर्सने छोटी दातेरी चकती आणली. "अंगठी कापावी लागेल."

"माझ्या आईची आहे हो ती," ती रडू लागली.

मित्रांनो, मला मात्र वाटत होते, काप बाई, लवकर काप! चकती फिरली, मी दुभंगले आणि बोटात रक्त धावले.

त्याच संध्याकाळी मुलगी झाली. मूठभर जीव! काही दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि मग आईबरोबर घरी आली.

मला कुणी सांधले नाही. परवा शेजारची गरोदर सून पाय सुजल्याचे सांगत आली, तेव्हा सासूबाईंनी तिला समोर बसवून विचारले, "सकाळी उतरते का? डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काही चमकतं?" मित्रांनो, घरात कुणाला काही दुखले-खुपले, तर तुम्हीही असेच विचारा. रोजच्याहून वेगळे वाटले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. मी मुकी आहे. तुम्हाला तोंड आहे.