पाठ केलेली उत्तरं

"ह्यांना आधी नाव विचारा हं, मग काम, मग पत्ता," रंगाऱ्याची बायको प्रत्येक भेटीत वकीलबाईंना बजावायची. "मधेच भलतंच विचारलं की गडबडतात बिचारे."

वकीलबाईंना वाटलं, काळजी आहे हो नवऱ्याची. ती होतीच.

परांचीवरून पडून रंगाऱ्याच्या डोक्याला मार बसला, त्याला दीडेक वर्ष झालं होतं. हाडं सांधली, जखमेवर केस आले. आतली घडी मात्र विस्कटली ती विस्कटलीच. एकदा बायको कामावर गेलेली असताना त्याने गॅस उघडा टाकला आणि थोरला भाऊ हादरला. धाकट्याला स्वतःचं कळत नाही, त्याला देखभाल केंद्रात ठेवायची परवानगी द्या, असा त्याने अर्ज केला. न्यायालयाने रंगाऱ्यासाठी वकीलबाई नेमल्या. त्या भावाच्या नव्हेत, बायकोच्याही नव्हेत, फक्त त्याच्या. त्यांनी लेखी कळवलं: माझ्या अशिलाला सगळं समजतं, त्याला घरीच राहायचं आहे.

सुनावणी न्यायाधीशांच्या छोट्या खोलीत होती. आत शिरताच रंगाऱ्याने भिंतीवरून बोट फिरवलं. "साहेब, दुसरा हात मारलाच नाही हो. पैसे दोन हातांचे घेतले असतील!"

न्यायाधीश मनापासून हसले. भावाने कपाळाला हात लावला. "बोलण्यात कुणाला हार जायचा नाही हा."

"नाव?"

रंगाऱ्याने खडाखडा सांगितलं.

"काम काय करत होतात?"

"घरं रंगवायचो. आतून आणि बाहेरून."

वकीलबाई खुर्चीत सैलावल्या. न्यायाधीश मायेने म्हणाले, "पत्ता राहू द्या, माझ्यासमोर आहे. घरातून निघताना गॅसचं काय करता?"

"निळ्या दाराचं घर, दुसरा मजला, जिन्याला लागून."

"तो पत्ता झाला," न्यायाधीश हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. त्यांनी बायकोकडे हात केला. "बरं, ह्या कोण?"

"आधी बटण बंद. मग हात लावून बघतो. मगच कुलूप."

बायकोचे ओठ हलत होते, आवाजाविना. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"डोकं दुखतं का हो तुमचं?"

"माझी बायको," रंगारी म्हणाला. भरभरून, अगदी जीव ओतून, समोरच्या भिंतीकडे बघत.

वकीलबाईंच्या आत्ता लक्षात आलं. गाण्याचं धृपद उचललं की पुढचं कडवं आपसूक ओठांवर येतं, तसं होतं हे सगळं! प्रश्न कुणी ऐकतच नव्हतं. एक उत्तर दुसऱ्याला हात धरून बाहेर आणत होतं. आणि ह्या पाठांतरावर आपण सही करून बसलोय.

बायको पांढरीफटक पडली होती. "रोज सकाळी सगळं पाठ करून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, मी कोण? आणि हे सांगायचे. रोज सांगायचे हो..." तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"बघा साहेब, मी काय म्हणत होतो," भाऊ पुटपुटला. पण जिंकल्याचा मागमूस त्याच्या आवाजात नव्हता. प्रकरण इथवर गेलंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"बाई, तुम्ही जरा बाहेर बसा," न्यायाधीश बायकोला हलकेच म्हणाले.

तिच्यामागे दार लागलं. रंगारी उठला. टेबलाखाली वाकून पाहिलं, कपाटामागे पाहिलं. त्याचा श्वास वाढला.

"काय शोधताय?" वकीलबाईंनी विचारलं.

"इथे एक जण होती. माझं चुकलं की डोळे मिटते ती." त्याने दाराची कडी धरली. "नाव येत नाही. ती नसली की मला भीती वाटते. मला तिच्याकडे जायचंय."

वकीलबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्या अशिलाला सगळं समजतं, हे माझं म्हणणं मी मागे घेते. ते खोटं ठरलं. पण त्याला काय हवंय, ते त्याने आत्ता सांगितलं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही."

न्यायाधीशांनी भावाकडे पाहिलं. भाऊ त्या कडीवरच्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "गॅसला कुलूप घालू, चावी माझ्याकडे राहील. सकाळ-संध्याकाळ मी येत जाईन. राहू दे त्याला घरी."

"दिवसभराला एक माणूसही हवा सोबतीला," न्यायाधीश म्हणाले, "आणि मधून मधून मी पुन्हा पाहीन." तसा हुकूम त्यांनी लिहायला घेतला.

बाहेर बाकावर बायको वाकून बसली होती. रंगारी तिच्याशेजारी बसला आणि त्याचा श्वास खाली आला. तिने मान वर केली. सवयीने तोंड उघडलं, "मी..." आणि प्रश्न तसाच गिळला.

"परीक्षा झाली?" त्याने विचारलं.

"झाली."

"पास?"

मागून भावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पास रे बाबा. चल घरी."