राऊटरला घातलेला हार

"काल दुपारपासून नेट बंद आहे आणि तुम्ही आज उगवताय?" शशिकांत साहेबानं लॅपटॉपवरून मान न उचलताच मला झापलं.

नल्लकुंट्यातल्या एका इमारतीचा तिसरा मजला, दसऱ्याची सकाळ. हा पुण्याहून आलेला, आयटीतला मोठा माणूस. मी युवराज, इथल्याच गौलीगुड्याचा, चौदा वर्षं घरोघरी नेट दुरुस्त करणारा. असले साहेब मला पैशाला पासरी भेटतात. जगाची कॉम्प्युटरं चालवतात, पण घरातल्या नेटच्या डबीवरच्या चार दिव्यांकडे ढुंकून बघत नाहीत. लाल दिवा लागलाय का, असं मी विचारलं.

"दिवेबिवे मला सांगू नका. तुमची लाइनच भिकार आहे. दहाला माझा क्लायंट कॉल आहे, आणि तक्रार तर मी टाकणारच."

या महिन्यात माझ्यावर दोन तक्रारी होत्या. तिसरी आली की काम काढून घेऊ, असं सुपरवायझरनं सोमवारीच बजावलं होतं. ग्राहकाची चूक असं कारण लिहिलं, तरच तक्रार धरत नाहीत.

साहेब आत गेला. त्याच्या बायकोनं, वंदनाताईंनी, मला राऊटर दाखवला. बघतो तर डबीला हळदकुंकू आणि वर झेंडूचा हार. काल खंडेनवमी होती. विळी, कात्री, शिलाई मशीन यांच्याबरोबर ताईंनी राऊटरही पुजला होता, आणि हार घसरू नये म्हणून तारेसकट दोऱ्यानं करकचून बांधला होता. काचेची फायबर तार ती, नेट तिच्यातून उजेडानं येतं. अशी मुडपली की आतला उजेड अडतो आणि लाल दिवा लागतो. शाळेतल्या पोरानं ओळखलं असतं. साहेब कालपासून जवळही फिरकला नव्हता.

मी दोरा कापला, तार सरळ केली. लाल दिवा विझला, बाकीचे हिरवे झाले. ताईंचा चेहरा उतरला.

"दादा, माझ्यामुळे झालं का?" त्या हळूच म्हणाल्या. "यांना कळलं तर वर्षभर चारचौघांत ऐकवतील."

आधी मला त्यांचाही रागच आला. पण चौदा वर्षांत या डब्या मी धुळीत, चपलांच्या कपाटामागे, चहा सांडलेल्या पाहिल्या होत्या. हार पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या हत्यारांच्या पेटीला काल मी स्वतः फूल वाहिलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली.

"तुमी काही बोलू नक्का ताई," मी म्हणालो.

काय बिघडलं होतं, असं साहेबानं बाहेर येऊन विचारलं.

"बाहेरची लाइन खराब होती साब. आमची गलती."

"मला माहीतच होतं," तो म्हणाला. माझ्यासमोरच त्यानं फोनवर तक्रार टाकली आणि क्लायंटशी गोड आवाजात इंग्रजी बोलायला आत गेला. नेट झकास चालत होतं.

जिन्यात माझा फोन वाजला. सुपरवायझर होता. पेटी उद्या ऑफिसात जमा करायला सांगितली.

बोटाला राऊटरवरचं कुंकू लागलं होतं. पायरीवर बसून ते मी पेटीच्या झाकणाला लावलं, एक दिवस उशिरा.