प्रश्न सात

प्रश्न तीन. ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होते का?

"सगळेच होतात," तो म्हणाला.

"नाही होत हो बाबा सगळे," लेक म्हणाली. "आणि हा फॉर्म तुमच्या नातीचा आहे."

चष्म्याच्या दुकानातलं मागचं टेबल. एकतीस वर्षं तो इथे भिंगं घासून फ्रेममध्ये बसवत आला होता. आज त्याच टेबलावर कागद होता. नातीमध्ये स्वमग्नतेच्या सौम्य खुणा दिसतात का, हे डॉक्टरीणबाईंना घरच्या मोठ्यांकडून हवं होतं. सहा वर्षांची नात स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

प्रश्न पाच. आवाजांचा त्रास?

मिक्सर लागला की तो जिन्यात जाऊन उभा राहायचा. बायको म्हणायची, कामचुकार. त्याला वाटायचं, तो आवाज सगळ्यांच्याच दातांत शिरतो, बाकीचे सोसतात इतकंच.

इतकंच?

प्रश्न सात. बोलण्याचा अर्थ शब्दशः घेते का?

"पाच झाली," नात म्हणाली. "आई, पाच मिनिटं गप्प बस म्हणालीस ना? झाली. आता बोलू?"

लेक हसली. तो हसला नाही. पाच म्हणजे पाचच की. आणखी काय असणार?

मग त्याच्या हातातलं पेन थांबलं.

दवाखाना. आठ वर्षांपूर्वीची सकाळ. खाटेवरून बायको म्हणाली होती, "जा तुम्ही दुकानात. माझं काय?"

त्याने उत्तर दिलं होतं. दोन्ही गोळ्या झाल्यात, चादर बदललीय, डॉक्टर बारा वाजता येतील. एकही गोष्ट सुटली नव्हती. आणि तो दुकानात गेला होता. अकरा चाळीसला ती गेल्याचा फोन आला.

तेव्हापासून लेक त्याच्याशी कामापुरतं बोलायची. बाबा माणूस नाहीत, दगड आहेत, असं ती मावशीला सांगत होती. त्याने ते ऐकलं होतं. आपलं नेमकं कुठे चुकलं ते शोधायला तो कित्येकदा बसला. गोळ्या, चादर, डॉक्टर. सगळं बरोबर येत होतं.

"तो प्रश्न नव्हता," तो म्हणाला.

"कुठला?"

"माझं काय."

लेकीचा चेहरा उतरला. कोणाचं वाक्य, हे तिला सांगावं लागलं नाही. त्या सकाळी खाटेच्या दुसऱ्या बाजूला तीच उभी होती.

"ती घाबरली होती, बाबा. तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही. थांबा म्हणाली असती, तर कितीही थांबलो असतो गं."

लेक त्याच्याकडे बघू लागली. अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग तिने कागद स्वतःकडे ओढला. शेवटची ओळ होती: घरात आणखी कोणाला? तिथे तिने आधीच 'नाही' लिहिलं होतं. ते खोडलं. 'आजोबा' लिहिलं.

पुढे निदानाची तारीख मागितली होती. पेन त्या रकान्यावर टेकवून ती तशीच बसून राहिली.