शिंगाड्याची भाकर

दसऱ्याला सोनं लुटून झालं आणि मारुतीच्या पारावर, गावातल्या शंभर माणसांसमोर, हिंमतराव देशमुखांनी शपथ घेतली. पोरगी अमरावतीची ती मास्तरीण व्हायची शाळा सोडून कायमची घरी येत नाही, तोवर आपण धान्याला शिवणार नाही. ज्वारी नाही, गहू नाही, तांदूळ नाही, डाळीचा दाणासुद्धा नाही. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वडनेरात झालं की देशमुखानं अन्न सोडलं. गोजरबाईला मात्र हे नवऱ्यानं सांगितलं नाही. शेजारची अंबूबाई सांगायला आली तेव्हा ती सणाचं पुरण वाटत बसली होती. ते पुरण दुसऱ्या दिवशी गड्यांनी खाल्लं.

शपथ घेणाऱ्याचं काय जातं हो? तो बोलून मोकळा. सकाळी ताट मांडलं की त्यात वाढायचं काय, ही पंचाईत चुलीपुढचीच.

वासंती ही त्यांची एकुलती पोर. बाराव्या वर्षी लग्न झालं, पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, आणि सासरच्यांनी तेरावं उरकून तिला बैलांच्या दमणीत बसवून माहेरी आणून सोडलं. देशमुखांच्या घरात विधवेचा पाट लावायची रीत नाही. त्यामुळे पोर माजघरातल्या कणगीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसली, ती चार वर्षं तिथंच. पुढं गोजरबाईचा भाऊ नीळकंठ, जो अमरावतीला मास्तर होता, एका दिवाळीला आला आणि चार दिवस हवापालट म्हणून भाचीला घेऊन गेला. त्या चार दिवसांची तीन वर्षं झाली. मामाच्या घरी चार अक्षरं शिकते आहे तर शिको, म्हणून हिंमतरावांनी डोळेझाक केली होती. पण पोरगी शाळेत जाते, चैत्रात तिची शेवटची परीक्षा आहे, ती पास झाली की परक्या गावात पगारावर एकटी राहणार, हे कानावर आलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

गोजरबाईला अक्षरओळख नव्हती. परीक्षा म्हणजे नेमकं काय करतात हेही तिला धड ठाऊक नव्हतं. पण पोर पुन्हा त्या कोपऱ्यात बसता कामा नये, एवढं तिला पक्कं कळत होतं, आणि तिचा सगळा जीव त्या एका चैत्रात अडकला होता. शपथेचं कानावर येताच नीळकंठ आला तेव्हा त्यानं तिला बाजूला घेऊन समजावलं, की वासंतीला शपथेचं मी काही सांगितलेलं नाही. तू फक्त दाजींना चैत्रापर्यंत धडधाकट ठेव. ते अंथरुणाला लागले तर पोरगी सगळं टाकून धावत येईल, आणि एकदा आली की तिला कोणी परत सोडणार नाही.

झालं. गोजरबाईनं पदर खोचला.

पहिले आठ दिवस हिंमतरावांनी दूध, केळी आणि शेंगदाण्यांवर काढले. नवव्या दिवशी ते ताटाकडे बघून नुसते उसासे टाकायला लागले. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला देह तो, त्याचं केळ्यानं काय भागणार? गोजरबाईनं नांदुऱ्याच्या बाजारातून शिंगाड्याचं पीठ मागवलं आणि काटवटीत घेऊन भाकर थापली. तव्यावर टाकली तर तिचे तीन तुकडे. दुसरी थापली, ती हातातच फाटली. शिंगाड्याच्या पिठाला ज्वारीसारखा जीव नसतो. आठवडाभर ती त्या पिठाशी झगडली. शेवटी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून त्यात उकडलेलं रताळं कुस्करून घातलं, तेव्हा कुठं भाकर अख्खी उतरली. काळी होती, जड होती, पण भाकरीसारखी भाकर होती. हिंमतरावांनी ती मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली आणि मिशीला हात फिरवला.

मग काय विचारता! माणसाच्या फर्माइशी सुरू झाल्या. झुणका पाहिजे म्हणाले, तिनं शेंगदाणे जाडसर कुटून त्यांचा झुणका केला. कढी पाहिजे म्हणाले, ताकाला शिंगाड्याचं पीठ लावून कढी केली. भगरीचा भात केला, त्यावर शेंगदाण्याची आमटी. संक्रांतीला राजगिऱ्याच्या पिठात रताळ्याचं पुरण भरून पोळ्या केल्या आणि त्यावर तुपाची धार सोडली. तिच्या हाताला चव होती हे गावाला आधीपासून माहीत होतं. आता उपासाच्या सामानात घरचं सगळं रांधणं उभं करताना तिचं तिलाच नवल वाटायचं. एखादा पदार्थ साधला की ती मनाशीच म्हणायची, चला, आणखी एक दिवस ढकलला.

तिकडे पारावर निराळीच हवा. देशमुखांनी तीन महिने अन्नाचा कण घेतला नाही, तरी चेहऱ्यावर काय तेज आहे पाहा, असं लोक बोलायला लागले. डोणगावाकडची माणसं पाया पडून गेली. लग्नाच्या पंगतीत हिंमतरावांना पाट मांडून वर बसवायचे, ताट वाढायचे आणि ते हात जोडून ताट परत करायचे. मग घरी येऊन दोन भाकरी हाणायचे. त्यांना ते सगळं आवडायला लागलं होतं, हे गोजरबाईला दिसत होतं. तिनं तिकडे काणाडोळा केला. तिला चैत्र गाठायचा होता.

माघात मात्र गाडं अडलं. रोजच्या शिंगाड्यानं हिंमतरावांचं पोट बांधून आलं. चार दिवस काही जाईना, गाल बसले, ते ओसरीवर आडवे झाले आणि चुलतभाऊ पंजाबराव येऊन आता पोरीला कळवायलाच हवं, असं बोलून गेला. घरात नवी ज्वारी येऊन पडली होती. तिनं देवापुढं हात जोडले, पाप माझ्या माथी घाल म्हणाली, आणि शिंगाड्याच्या पिठात निम्मं ज्वारीचं पीठ मिसळून भाकर केली.

हिंमतरावांनी पहिला तुकडा मोडला, तोंडात घातला आणि ते चावायचे थांबले. चुलीतला जाळ सारखा करायचं निमित्त काढून गोजरबाई खाली मान घालून बसली.

"रोजच्याच पिठाची हाये?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी दुसरा, मोठा तुकडा मोडला. मग म्हणाले, "मंग रोज अशीच करत जाय."

त्या दिवशी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात पिठात ज्वारी पाऊण झाली, आणि फाल्गुन लागेपर्यंत शिंगाड्याचं पीठ नुसतं रंगापुरतं, मूठभर. दोघांपैकी कोणीही त्यावर चकार शब्द काढला नाही. तीस वर्षांच्या संसारात दोघांची एवढी एकी कधी झाली नव्हती. हिंमतराव पुन्हा टुणटुणीत झाले. त्यावर गाव म्हणालं, बघा, मरणाच्या दारातून व्रतानं परत आणलं.

पण पंजाबरावानं पत्र टाकलं ते टाकलंच. बापानं पाच महिन्यांपासून अन्न सोडलं आहे, तोंड बघायचं असेल तर ये, असं त्यात होतं.

गुढीपाडव्याच्या तिसऱ्या दिवशी वासंती नांदुऱ्याला आगगाडीतून उतरली आणि दमणीनं घरी आली. अंगणात उतरताच तिनं ओसरीवर बसलेल्या बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. सोबतच्या पेटीत तिची पुस्तकं होती. सोमवारी परीक्षा होती, त्या दिवशी गुरुवार. तिनं येताना मनाशी हिशेब केला होता की बापाला आपल्या हातचा घास भरवायचा, समजूत काढायची आणि शनिवारच्या गाडीनं परत जायचं. गोजरबाईला तिच्याशी एकटीनं बोलायचं होतं. पण घरात बायकांची ही रीघ लागलेली, आणि पोर रात्री बापाच्या उशाशी बसून राहिली.

पोरगी आता कायमची आली असं धरून शुक्रवारी सकाळी व्रत सुटायचं ठरलं. अंगणात सगळं गाव जमलं. भटजी आले, हिंमतरावांच्या गळ्यात हार घातला. वासंतीनं ज्वारीची भाकर केली आणि ताट आणून बापापुढं ठेवलं. हिंमतरावांनी तुकडा मोडला, कपाळाला लावला. तेवढ्यात वासंती हळूच म्हणाली की बाबा, सोमवारी माझी परीक्षा आहे, उद्या जाते आणि आठ दिवसांत परत येते.

हिंमतरावांनी तुकडा ताटात ठेवला. "कायमची म्हटलं होतं म्या."

मग काय, चहूकडून सुरू झालं. पोरी, बापाचा जीव घेतेस का. शाळा मोठी का बाप मोठा. पंजाबराव तर डोळे पुसायला लागला. वासंतीनं एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं. तिची मान खाली जायला लागली, आणि ती मान गोजरबाईला ओळखीची होती. चार वर्षं कोपऱ्यात ती तशीच खाली असायची.

गोजरबाई देशमुखांची सून होऊन आल्यापासून पुरुषांच्या बैठकीत कधी बोलली नव्हती. ती पिठाचा डबा घेऊन बाहेर आली आणि तिनं तो ताटाशेजारी उपडा केला.

"हे उपाशी नव्हते," ती म्हणाली. "माघापासून ज्वारीच खाऊन राह्यले. म्याच रांधली. पोरीले जाऊ द्या."

सगळ्यांनी हिंमतरावांकडे पाहिलं. त्यांनी चिमूटभर पीठ उचललं, वास घेतला, चाखलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी, बरं का! गोजरबाईनं इतक्या वर्षांत ते कधी पाहिलं नव्हतं.

"इनं माहं व्रत बाटवलं," ते म्हणाले. "मले कसं माहीत असंन, पिठात काय हाये ते?"

गोजरबाई गावाकडे वळली. "सारा जलम ज्वारी पिकवली यायनं. यायले ज्वारीची भाकर ओळखू आली नाही, हे पटते का तुमाले?"

त्या अंगणात एकूण एक माणूस ज्वारी पिकवणारा, ज्वारी खाणारा. अंधारात तोंडात तुकडा दिला तरी सांगतील, नवी का जुनी. पण पाच महिने ज्याच्या पाया पडलो तो लबाड, हे स्वतःच्या तोंडानं कोण म्हणणार? कोणी खाली बघितलं, कोणी खाकरलं. पंजाबराव म्हणाला, नवऱ्याच्या ताटात कपट करते, काय बाई आहे. अंबूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून मागं सरकली.

भटजींनी निवाडा दिला. नकळत खाल्लं त्याचा दोष खाणाऱ्याला नाही, रांधणारीला आहे. व्रत मात्र मोडलं, ते पहिल्यापासून पाच महिने करावं लागेल. आणि या बाईच्या हातचं आता चालणार नाही, तेव्हा पोरीनं रांधावं.

"जाय तू," गोजरबाई लेकीला म्हणाली. "कोणाचं ऐकू नको. उद्याच्या गाडीनं जाय."

हिंमतरावांनी गळ्यातला हार काढला आणि शांतपणे सांगितलं, "तिनं जावं. पण ती गेली का तिच्या मायनंही निंघावं. या घरात तिले जागा नाही."

बापानं जाणूनच खाल्लं, हे वासंतीनं ओळखलं होतं. बापाचे भरलेले गाल पाहूनच ओळखलं असेल. आईला घेऊन जाऊ म्हटलं, तर मामाच्या दोन खोल्यांत सहा माणसं, आणि व्रत बाटवलेली बाई म्हणून आईचं नाव आधीच गावभर झालं होतं. ती पेटी उचलून आत घेऊन गेली.

सोमवार उजाडला. अमरावतीत घंटा झाली असेल त्या वेळी वासंती चुलीपुढं बसून शिंगाड्याचं पीठ मळत होती. गोजरबाईला चुलीला हात लावायची बंदी होती, म्हणून ती कणगीमागच्या कोपऱ्यात बसली होती. पोरीच्या हातातली भाकर फाटली. दुसरी तव्यावर मोडली. तिसरीचा काठ थापतानाच चिरायला लागला.

"माय, हे जुळून काऊन नाही राह्यलं वो?"

"रताळं उकडून घाल," गोजरबाई बोलून गेली. "पाणी उकळतं घे."

आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते. फाटू द्यायची होती. रोज फाटू द्यायची होती, पहिल्या दिवसापासून. केळी आणि दाणे खाऊन तो माणूस पंधरा दिवसांत चुपचाप ज्वारीवर आला असता, आणि पारावर कोणी त्याला हार घातला नसता. तिनं रांधून रांधून त्याची शपथ वाढवली होती. पण तोवर वासंतीनं रताळं कुस्करलं होतं, आणि भाकर अख्खी उतरली होती.

ताट ओसरीवर गेलं. थोड्या वेळानं आत हिंमतरावांचा आवाज आला.

"पोरीचा हात मायवर गेला बरं का! आणखी एक आण."

वासंतीनं दुसरा गोळा घेतला.