माझ्यातून गेलेले श्वास

मी फुंकणी बोलतेय. चुलीपाशी पडलेली, हातभर लांबीची लोखंडी नळी. माझ्या पोटात काही राहत नाही, हे आधीच सांगते. आलेला श्वास निखाऱ्यांवर सोडायचा, एवढंच मला येतं.

शिरूरच्या बाजारातून तानुबाईंनी मला कवठे येमाईला आणलं. त्यांचे सासरे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले, पण आता घराला शेत होतं, विहीर होती आणि दुरडीत कायम भाकरी असायची.

माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात, मी श्वासानं. तानुबाईंच्या फुंकरीनं राख थेट भिंतीवर उडायची. सून लंका आली, तिची फुंकर लांब आणि संथ. निखारे हळूहळू उमलायचे, धुरात तिचा चेहरा विरघळायचा आणि वाटायचं, ती, मी आणि जाळ तिघंही कुठंतरी तरंगतोय.

चौऱ्याण्णव साली तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात तानुबाईंनी तिच्या ताटातली एक भाकरी काढली, दूधही बंद केलं. "लई खाल्लं की पोर मोठं व्हतं, आन् मोठं पोर आईला घिऊन जातंय," त्या म्हणायच्या. त्यांची थोरली लेक बाळंतपणात तशीच अडून गेली होती. हा सासुरवास नव्हता, मायाच होती. पण लंकेची फुंकर तोकडी झाली. दोनदा फुंकून ती भिंतीला टेकायची. मला कळत होतं, पण नळीला कोण विचारतो?

धनश्री जन्मली, एवढीशी. सुटका सहज झाली म्हणून तानुबाईंनी येमाईची ओटी भरली. पुढं मात्र थंडी पडली की पोरीची छाती वाजायची. तिचा बाप हनुमंत तिला कुशीत घेऊन एसटीनं शिरूरच्या दवाखान्यात धावायचा.

ती चार वर्षांची असताना लंका पुन्हा पोटुशी राहिली आणि ताटातली भाकरी पुन्हा कमी झाली. तेव्हा उपकेंद्रातल्या नर्स, केडगावच्या दबोराबाई, घरी आल्या.

"मावशी, बाळाची फुफ्फुसं आईच्या पोटातच घडत्यात. तिला दूध, पालेभाजी द्या. आन् ह्या धुरातनं उठवा."

"माझी लेक गेलीया, बाई. तुमाला काय ठावं?"

"मग बाळंतपणाला दवाखान्यात न्या. अडलं तर तिथं डॉक्टर हाय. पण उपाशी ठिवू नका."

दबोराबाई गेल्या. धनश्रीनं खेळता खेळता मला तोंडाला लावलं. तिचा श्वास आला आणि अर्ध्या वाटेतच संपला. राखसुद्धा हलली नाही. पुन्हा फुंकायला गेली तर खोकत खाली बसली.

"आज्जे, माझ्यानं व्हत न्हाई."

तानुबाई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग उठल्या. गडीमाणसं जेवायची होती, तरी पहिलं ताट त्यांनी लंकेला वाढलं. दोन भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर दूध. "खा," त्या म्हणाल्या. "माज्या भ्यानं ह्या लेकराचा घास गेला."

संपत दवाखान्यात जन्मला, धडधाकट. लंकाही सुखरूप घरी आली.

आता घरात गॅस आलाय. चुलीवर फक्त आंघोळीचं पाणी तापतं. संपत दिवसभर गल्लीतून पळतो. बारा वर्षांची धनश्री दम्याच्या औषधाचा पंप मुठीत धरून ओट्यावर बसते आणि त्याच्या फेऱ्या मोजते.

दोष भाकरीचा किती, धुराचा किती, मला ठाऊक नाही. धुरात माझाही वाटा आहेच. तुमच्या घरी कुणी पोटुशी असेल तर तिला आधी वाढा, पोटभर वाढा. आमच्या घरी त्या वर्षी दुष्काळ नव्हता हो. धनश्रीच्या वाटणीची भाकरी दुरडीत झाकलेली होती.