अनोळखी गिऱ्हाईक

आमच्या पार्लरवाल्यांच्या संघटनेत एक नियम आहे आणि तो मीच आणलाय, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाकडे संघटना गुपचूप एक अनोळखी गिऱ्हाईक पाठवते. ती बाई केस कापून घेते आणि काम कसं झालं ते सेक्रेटरीला सांगते. काम कच्चं निघालं तर त्या सभासदानं महिनाभर शिकायला वर्गात बसायचं, आणि तोवर निवडणुकीला उभं राहायचं नाही. 'अध्यक्षालाही सूट नाही,' हे वाक्य मी भाषणात मुद्दाम घातलं होतं. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या.

अध्यक्ष मीच, गेली कित्येक वर्षं. यंदाच्या अर्जाची मुदत शनिवारी संपत होती. सेक्रेटरी म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि तिची लक्षणं मला ठीक दिसत नव्हती. मी समितीच्या खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. कुणी एकदम खिडकीकडे बघायची, कुणी पर्समध्ये काहीतरी शोधायची. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईसाहेबांना खुर्ची हवी आहे, आणि गिऱ्हाईक पाठवून मला नापास करायचा घाट घातलाय, अशी माझी खात्रीच झाली.

मग काय, दारातून येणारी प्रत्येक बाई मला हेर दिसायला लागली. एकीनं "कात्री उकळून घेता का?" असं विचारलं. तिच्या डोक्याला मी फुकट मालिश करून दिलं. ती बिचारी दवाखान्यातली नर्स निघाली. दुसरी सारखी आरशात बघत होती, म्हणून मी तिच्या एकेका बटेवर जीव ओतला. तिला फक्त मागच्या खुर्चीवरच्या पर्सवर नजर ठेवायची होती.

शुक्रवारी दुपारी जाऊ पार्लरमध्ये आली. "ताई, तुमची तपासणी झाली बरं का. उत्तम शेरा आहे. खुशाल अर्ज भरा."

"कोण आली होती?"

"ते सांगायचं नसतं. नियम तुमचाच आहे."

"बरं, केस कसे होते तिचे? कुरळे की सरळ?"

ताकास तूर लागू न देणारी माझी जाऊ इथे मात्र अडकली. मग टेबलावरच्या ब्रशशी चाळा करत म्हणाली, "कुणी आलं नव्हतं, ताई. तुमच्याकडे आम्ही कधी कुणाला पाठवतच नाही."

"का?"

"ताईंना काय तपासायचं, असं सगळ्या म्हणतात."

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण हे जरा जास्तच गोड होतं, आणि गोड बोलण्यावर माझा मुळीच विश्वास नाही. "बस खुर्चीत," मी म्हटलं. "आजचं अनोळखी गिऱ्हाईक तू."

"अनोळखी? माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत."

"बस म्हटलं ना."

खांद्याच्या वर, सरळ रेषेत, साधा कट. झोपेत येईल असा. कापून झाल्यावर ती बराच वेळ आरशात बघत राहिली. "छान झालाय."

"खरं सांग."

"डावी बाजू खाली उतरलीय, ताई."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अर्ज उद्यावर आलाय आणि ही नेमकी आज चूक काढते. मी कंगवा आडवा धरून दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. डावी बोटभर खाली होती. पुन्हा पाहिलं. कंगव्याला काही खुर्ची नको होती.

"खांदा आखडल्यापासून तुमचं कोपर वर येत नाही," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडून गेलेल्या काही जणी माझ्याकडे येतात. मी तेवढं सारखं करून देते."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"सगळ्यांना."

म्हणजे कुजबुज होती, ती माझ्याबद्दलच होती. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं. पण माझं वाईट करायला नव्हे, तर माझं वाईट झालेलं काम झाकायला. हे जास्त लागलं. वैर असतं तर कडकडून भांडता तरी आलं असतं.

"मग तोंडावर का नाही बोललीस?"

"मागे एकीनं सभेत सांगितलं, तुमची रंग लावायची पद्धत जुनी झाली म्हणून. त्यानंतर तिला तुम्ही कधी बोलू दिलंत?"

दिलं नव्हतं. तिचं नाव निघालं तरी मी विषय बदलत असे.

"वर्गाला बसले तर माझा यंदाचा अर्ज गेला," मी म्हटलं. तिनं नको म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणाली नाही.

"सध्या शिकवतं कोण?"

आता तिनं आरशातून सरळ माझ्याकडे बघितलं. "मीच. पहिल्या दिवशी तुम्ही दर वर्षी येता की. शिकत राहा म्हणून भाषण करता, चहा घेता आणि निघून जाता."

राग आला, त्याहून जास्त लाज वाटली. दोन्ही गिळून टाकलं. मग मी कात्री तिच्या हातात दिली.

"अर्ज तू भर," मी म्हटलं. "आणि तुझी ही डावी बाजू आरशात बघून तूच सारखी कर. सावकाश कर, मला बघायचंय."