माझी सीट तिला दिली

मी एक सायकल बोलतेय. जुनी, स्टीलची, गडद निळी. माझा रंग तीन ठिकाणी उडालाय, पण त्यातले दोन टवके मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलायला आलेली नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की फार समजूतदारपणाचा आव आणतात. मला ते जमत नाही. मी जळतेय. का जळतेय ते ऐका आणि मग मला काय नावं ठेवायची ती ठेवा.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथला कारागीर नळ्या जोडायचा, आणि जोड निवला की त्यावरून अंगठा फिरवून म्हणायचा, "जा बाई, सुखात राहा." मी किती हरखले होते. मग माझ्यानंतरच्या फ्रेमलाही त्याने तेच सांगितलं, तिच्यानंतरच्या फ्रेमलाही. माझा स्वभाव बहुतेक तेव्हाच थोडा बिघडला.

मला विकत घेतलं एका कवळ्या बनवणाऱ्याने. दातांच्या डॉक्टरांकडून त्याच्याकडे साचे यायचे आणि हा मागच्या खोलीत दिव्याखाली बसून लोकांची बत्तिशी घडवायचा. तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे बायकोच्या आधी मी आले. हे लक्षात असू द्या.

त्याचा हात फार चांगला. माझं सगळं तो स्वतः करायचा. त्याची एक सवय तर अशी होती की मला तिचा अभिमान वाटायचा. सीटखालचा पाईप तो अधूनमधून बाहेर काढायचा, पुसायचा, बोटाने ग्रीस लावायचा आणि पुन्हा आत सारायचा. ग्रीस नसलं तर स्टीलच्या नळीत पाईप गंजून धरून बसतो, मग कितीही ओढा, हलत नाही. पाईप बसला की तो पाना फिरवायचा, मनगटाला पुरेसं वाटेपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माप कशाला हवं? हाताला कळतं." आणि खरंच कळायचं. जास्त झालं की मी जरा कुरकुरायचे, तो लगेच थांबायचा. असं आमचं चालायचं.

रविवार आमचा होता. उजाडता उजाडता तो मला जिन्यावरून खांद्यावर घेऊन उतरायचा. दारात त्याची बायको कप घेऊन उभी असायची. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासते, आठवडाभर पहाटे कामावर जाते, आणि रविवारीच काय ती उशिरापर्यंत घरी असते. ती माझ्याकडे एकटक बघायची. मला वाटायचं, माझ्या चाकांना चिखल लागलाय आणि घरात डाग पडतील म्हणून बघतेय.

पेट्रोल पंपापाशी रविवारची टोळी जमायची. पाचसहा जण, सगळे पन्नाशीच्या आसपास, सगळ्यांचे कपडे मात्र पंचविशीचे. पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा, वर बसून गप्पा मारायच्या आणि परत यायचं. पूर्वी माझा माणूस पहिला पोहोचायचा. मग मधे. मग शेवटी. टोळीतल्यांनी एकामागून एक पिसासारख्या हलक्या कार्बनच्या सायकली घेतल्या, आणि वरती बसून याची वाट बघताना त्यांचं बोलणं ठरलेलं असायचं. "तुझी चूक नाही रे. गाडीच जड आहे तुझी."

याला हुरूप आला. चला, आपलं वय नाही, सायकल जड आहे. सगळं खापर माझ्यावर.

त्यात भर घातली मेहुण्याने. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ, सलून चालवतो, आणि केस कापता कापता जगातल्या प्रत्येक विषयावर सल्ला देतो. तो म्हणाला, "भावजी, नावाजलेल्या कंपनीच्या मागे कशाला लागता? फ्रेम थेट कारखान्यातून मागवा. नावाचे पैसे वाचतात. बाकीचे भाग वेगवेगळे घ्या आणि घरी जोडा. तुमच्या हाताला अवघड काय आहे?"

हाताचं कौतुक केलं की माझा माणूस विरघळतो. त्याने फ्रेम मागवली.

बायको एवढंच म्हणाली, "मागवा. पण या घरात दोन सायकली राहणार नाहीत. ती उभी राहिली की ही गेली पाहिजे."

"ही मला दे ताई," मेहुण्याने लगेच हात पुढे केला. "सलूनच्या भिंतीवर लावतो. पांढरा रंग मारायचा, हँडलवर टोपली, टोपलीत फुलं. गिऱ्हाईक फोटो काढतील."

फुलं. ज्या हँडलवर घाम गाळून आम्ही तो चढ चढलो, त्यावर फुलं. आणि माझा माणूस काय म्हणाला असेल? "बघू." बघू म्हणजे हो. इतकी वर्षं त्याच्यासोबत काढलीत मी, मला त्याचं 'बघू' कळतं.

मग खोकं आलं. त्यातून ती निघाली, काळी, मॅट, अंगावर एक अक्षर नाही. त्याने तिला एका बोटावर उचललं आणि हसला. मग बायकोला बोलावून उचलायला लावलं. मग मुलीला. मुलगी म्हणाली, "बाबा, आत काही आहे की नाही?" शेजारच्या काकू उगाच डोकावल्या तर त्यांनाही उचलायला लावलं. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आला. मला इतक्या वर्षांत कधी कुणाला उचलायला सांगितलं होतं? जिन्यावरून उचलायचा तेव्हा 'आई गं' म्हणायचा, बस.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. खोटं कशाला बोलू?

जोडणी बैठकीच्या खोलीत सुरू झाली आणि मी समोरच्या हुकावर टांगलेली. म्हणजे सगळं बघायचं आणि मूग गिळून गप्प राहायचं. हँडल आलं, चाकं आली, गिअर आले. तो तिच्याशी बोलायचा. "थांब हं, आता हे बसवू." माझ्याशी हे असं बोलणं कधीच बंद झालं होतं. मग एक दिवस तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, आली आठवण. त्याने माझे पेडल काढले. मग सीट काढली, माझी चामड्याची सीट, जिला त्याच्या बसण्याचा आकार आलाय. ती नेऊन तिच्या पाईपावर बसवली.

मी उघड्या पाईपाने भिंतीवर लटकत राहिले. पाहुणे आले की मला लाज वाटायची.

आता नीट ऐका, कारण जे घडलं ते इथून घडलं. फ्रेमबरोबर खोक्यातून एक लहानशी पुडी आली होती. तिच्यात रवाळ लेप होता. कार्बनच्या नळीत पाईप घालताना तो लावायचा, म्हणजे पाईप सरकत नाही आणि जोराने आवळायची गरज पडत नाही. माझ्या माणसाने तो दोन बोटांत चोळून बघितला. म्हणाला, "यात तर वाळू आहे. घासून ओरखडे पडतील की." आणि पुडी बाजूला ठेवली. मेहुण्याने एक पाना आणला होता, ठरलेल्या जोराला पोहोचला की टक् आवाज करून थांबवणारा. त्याकडे बघून हा म्हणाला, "तुझ्या सलूनमध्ये तू मापाने कात्री चालवतोस का? हाताला कळतं." मग डबी उघडली, बोट बुडवलं आणि तिच्या नळीत, तिच्या पाईपाला, मायेने ग्रीस लावलं.

माझं ग्रीस. माझ्यावर शिकलेला हात. मला कार्बनमधलं काय कळणार, पण मी एवढं बघितलं की त्याच्या हातात अजून मीच आहे. मला बरं वाटलं. काय करू, वाटलं.

पहिल्या रविवारी तो परत आला तेव्हा चेहरा उजळला होता. "शेवटचा नव्हतो," दारातच त्याने बायकोला सांगितलं. "फक्त सीट जरा खाली बसतेय वाटेत." पाना घेतला, आवळलं. पुढच्या रविवारी सीट पुन्हा खाली. ग्रीस लावलेला पाईप, घसरणारच. पुन्हा आवळलं. त्याच्या पुढच्या रविवारी निघायच्या आधीच तो पाना घेऊन बसला. मनगट वळलं. अजून वळलं. मी असते तर केव्हाची कुरकुरले असते. ती बोललीच नाही. कुणी तिला शिकवलंच नव्हतं, किंवा तिच्या अंगातच ते नव्हतं. एकदम कट् असा कोरडा आवाज आला.

त्याने हात मागे घेतला. नळीच्या तोंडापासून खाली एक केसाएवढी रेघ गेली होती. तो त्या रेघेवरून नख फिरवत राहिला.

मला आनंद झाला. भरपूर झाला. म्हटलं, आता ये, काढ मला हुकावरून.

तो आला नाही. फरशीवर बसला, तिला मांडीवर आडवी घेतली आणि बसून राहिला. टोळीचा फोन आला, घेतला नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याला कळवलं तर उत्तर आलं, जास्त आवळलेलं आम्ही बदलून देत नाही. रोज कामावरून आला की आधी तिच्यापाशी. धडधाकट मी समोर, आणि हा त्या मोडकीला कुरवाळतोय. ती चालत होती तेव्हा जळले नसेन इतकी तेव्हा जळले. वर, नवी मोडली म्हणून मेहुण्याचा बेत काही मोडला नव्हता. शनिवारी तो मला न्यायला येणार होता. पांढरा रंगही आणून ठेवला होता त्याने.

शुक्रवारी दुपारी माझ्या माणसाची बायको कामावरून आली. घरात कुणी नव्हतं. चप्पल काढून ती खोलीत आली, भिंतीला टेकवलेल्या तिच्याकडे बघितलं, हुकावरच्या माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं. मला. "बघत बसायला कसं वाटतंय?"

तिने खुर्ची आणखी जवळ सरकवली.

"मला इतके रविवार असंच वाटायचं," ती म्हणाली. "दारात कप घेऊन."

म्हणजे तो चिखल नव्हता. मी गार पडले. लग्नाच्या आधी आलेय म्हणून मी मिरवत होते, आणि तिने ते सगळं मनात ठेवलं होतं. मला वाटलं, आता ती हसेल. तिचा हक्कच होता. मेहुण्याला फोन करून म्हणेल, उद्या कशाला, आजच ये.

तिने खुर्चीवर चढून मला हुकावरून काढलं. 'आई गं' म्हणाली नाही. माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली. मग पाना घेतला, माझा उघडा पाईप सैल केला आणि खाली दाबला. पाईप लोण्यासारखा आत गेला, तिला हवा तेवढा, चार बोटं. इतक्या वर्षांचं ग्रीस होतं ना. ज्या ग्रीसने त्या काळीचा घात केला, त्याच ग्रीसने माझा पाईप कुणासाठी तरी खाली झाला.

शनिवारी भाऊ टेम्पो घेऊन हजर. बहिणीने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "ही नाही मिळायची."

"अगं ताई, तूच म्हणालीस दोन नकोत."

"त्यांच्या दोन नकोत, असं म्हणाले. ही माझी आहे."

माझा माणूस कोपऱ्यात बसला होता. "तुला सायकल चालवता येते?" त्याने विचारलं.

"लग्नाआधी यायची," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत?"

काळीचं पुढे असं झालं की कार्बनची डागडुजी करणारा एकजण भेटला. त्याने रेघेभोवती कापड चिकटवून पट्टी बांधली, लेप लावून पाईप बसवला, आणि त्या टक् करणाऱ्या पान्याशिवाय तिला हात लावायचा नाही अशी माझ्या माणसाला तंबी दिली. ती आता बरी आहे. गळ्यात जाड पट्टी, दिसायला जरा बावळट. मी काही बोलत नाही. माझी सीट अजून तिच्याकडेच आहे. मला नवे पेडल मिळालेत आणि एक रुंद, गुबगुबीत सीट. गादीच म्हणा. टोळीत मी हसं करून घेतलं असतं, पण आता रविवारी आम्ही टोळीत जातच नाही.

आम्ही दोघी जातो, ते दोघं जातात. पहिल्या वेळी टाकीच्या चढावर ती काळी भुर्रकन पुढे गेली. मी नि माझी बाई मागे, धापा टाकत, अर्ध्यात उतरायच्या बेतात. तेवढ्यात तो वरून वळून खाली आला, आमच्या शेजारी चालवू लागला आणि मान वळवून बघत राहिला.

त्याचा सायकलवरचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सगळा जन्म तो माझ्या पाठीवर होता, मला दिसणार कसा? मला वाटायचं, चढावर तो दात ओठ खात असेल. तो हसतो. लहान मुलासारखा. हे त्या काळीला ठाऊक नाही आणि कधी ठाऊक होणार नाही, कारण आता तो तिच्या पाठीवर असतो.

तो बघत होता ते माझ्याकडे नव्हे, हे मलाही कळतं. माझ्यावर बसलेल्या तिच्याकडे बघत होता. जळले पुन्हा. स्वभावच तसा आहे, या वयात काय बदलणार. पण तिला उतरू दिलं नाही मी. टाकीपर्यंत नेलं.

तुमच्या घरात कुणी भिंतीवर टांगलेलं असेल तर एकदा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा. मला आता निघायचंय. रविवार आहे, आणि दारात कप घेऊन कुणी उभं नाही.